कर्जतचा मोह आणि ओकांची पिंपे

कर्जत म्हणजे बटाटेवडा, एवढेच आम्हा मुंबईकरांचे भूगोलाचे ज्ञान. पुण्याला जाणारी गाडी इथे थांबते, घाट चढवायला तिला मागून जादा इंजिने जोडतात, आणि तेवढ्या अवधीत खिडकीतून हात बाहेर काढून वडे आत घ्यायचे. गाडी हलली की कर्जत संपले! गेली चाळीस वर्षे मी या गावाला असाच भेटत आलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकण्याचा प्रसंग यंदा आला, आणि तो आणला अण्णांनी.

अण्णा माझे मावसभाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, म्हणून अहोजाहो. त्यांनी बत्तीस वर्षे दारूच्या कारखान्यात नोकरी केली. आमच्या आजोळी हे वाक्य असे उघडपणे कोणी उच्चारीत नसे. ‘तो केमिस्ट आहे’ एवढेच सांगत, आणि ‘कुठल्या कंपनीत?’ असे कोणी विचारलेच तर आजी घाईने पानाचे तबक पुढे सरकवी. वास्तविक अण्णांचे काम पिण्याचे नव्हतेच, हुंगण्याचे होते. शंभर पिंपांतली व्हिस्की हुंगायची आणि कुठली कशात मिसळायची ते ठरवायचे. सगळा संसार त्यांनी नाकावर चालवला म्हणा ना!

निवृत्त झाल्यावर त्यांनी कर्जत-खोपोली फाट्यावर डोळवलीच्या बाजूला लहानसे घर बांधले. सारे मनासारखे झाले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते आजारी पडले. माणूस वाचला, पण वास गेला. चहाचा नाही, उदबत्तीचा नाही, पहिल्या पावसाचा नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. थोडासा आलाही, पण तो भलताच. कॉफी हुंगली तर जळके रबर! अण्णांनी फोनवर हे हसत सांगितले. आम्हाला मात्र ऐकवले नाही.

मग यंदा पाडव्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिघे निघालो: मी, आमच्या सौ. आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी कन्या. निघताना मी सहज म्हणालो, “अण्णांच्या पिंपांवर एखादा लेख लिहावा म्हणतो, दिवाळी अंकासाठी.”

“दारूवर? आणि तेही फराळाशेजारी?” सौ.

“दारूवर नव्हे, लाकडावर.”

“लाकडावर लिहायला तुम्ही काय सुतार आहात?”

हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटायची वाट न पाहता लेख छापायला दिला आहे.

कर्जतला उतरून खोपोलीची गाडी धरली की स्टेशनांची नावेच रानातली लागतात. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, मग खोपोली. डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाचे कॅन आणि आमच्यासारखे दोनचार चुकार शहरी. डाव्या हाताला बोरघाटाची भिंत सतत सोबत करते. १८६३ साली या भिंतीवरून रेल्वे वर चढली. तिच्याच पायथ्याशी खोपोलीला टाटांनी लोणावळ्याकडचे पाणी खाली सोडून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. आता वरून द्रुतगती मार्ग धावतो, आणि त्याने जाणाऱ्याला खालापूर म्हणजे टोलनाका एवढेच ठाऊक असते. महडचा वरदविनायक याच तालुक्यात. पण अष्टविनायकाच्या बसमधल्या मंडळींना तरी तालुक्याचे नाव कुठे विचारावेसे वाटते?

अण्णा स्टेशनवर आले होते. अंगाने थोडे उतरलेले, पण बोलण्याची खोड तशीच. धाकट्या भावाच्या बायकोलाही ते वहिनीच म्हणतात. “या वहिनी. पिशवीत काय आणलंत? सांगा, कारण हुंगून ओळखण्याचे दिवस गेले.”

पिशवीत बेसनाचे लाडू होते. सौ.च्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

अण्णांच्या ओटीवर एक फळी आहे आणि तिच्यावर घट्ट बुचांच्या वीसेक बाटल्या. मला वाटले, आली पंचाईत! पण बाटल्यांत द्रव नव्हता, लाकडाचे कपचे होते. वास परतावा म्हणून डॉक्टर सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास हुंगायला सांगतात: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. अण्णांनी चार दिवस ते केले आणि मग आपला जन्माचा पसाराच मांडला. नाकाला ओळख पटायचीच असली तर ती जुन्या मित्रांची पटेल, असा त्यांचा हिशेब.

“हे सगळे ओक,” ते म्हणाले.

कन्या फसकन हसली. तिच्या वर्गात दोन ओक आहेत, एक रत्नागिरीचे आणि एक डोंबिवलीचे.

अण्णांनी पहिली बाटली उघडून सौ.पुढे धरली. “तुम्ही सांगायचं, मी समजावायचं. माझं नाक सध्या रजेवर आहे.”

“नव्या कपाटाचा वास येतो,” सौ. म्हणाल्या. “शिवाय थोडा कच्च्या सुपारीसारखा. जीभ ओढली जाईल असा.”

“बरोबर. हा कोरा ओक, न भाजलेला. जीभ ओढते ते टॅनिन. युरोपातल्या ओकात ते अधिक. आता ही.”

दुसऱ्या बाटलीतला तुकडा तांबूस होता. सौ.नी डोळे मिटले. “खवा भाजताना येतो तसा. आणि कस्टर्ड!”

“शाब्बास! हा भाजलेला. लाकडात लिग्निन म्हणून द्रव्य असतं. आच लागली की ते फुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन निघतं, तुमच्या कस्टर्डातलं तेच. लाकडातल्या साखरा करपून टॉफीचा वास येतो तो वेगळा. ही तिसरी अमेरिकन ओकाची आहे.”

“सुकं खोबरं.” सौ. क्षणभरही थांबल्या नाहीत.

अण्णा माझ्याकडे वळले. “तीन दिवस शिकवूनसुद्धा आमच्या कारखान्यातल्या पदवीधर पोरांना हे खोबरं सापडत नसे.” त्या ओकात लॅक्टोन जातीचे एक द्रव्य असते आणि त्याला नारळासारखा वास येतो, असे त्यांनी कन्येला समजावले. तिने वहीत लिहून घेतले. चौथ्या बाटलीत लवंग निघाली, कारण लवंगेतले युजेनॉल ओकातही असते. पाचवा तुकडा एका बाजूने कोळसा होईतो जाळलेला. तो हुंगून सौ. म्हणाल्या, “बंबाजवळ बसल्यासारखं वाटतं.”

तेव्हा मला प्रथम नीट कळले, की भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते. तिचा सोनेरी रंग लाकडाचा, आणि चवीतलाही मोठा वाटा लाकडाचाच. निम्म्याहून अधिक, असे धंद्यातली माणसे म्हणतात. ओकच का? तर त्याच्या लाकडातल्या नळ्या आतून आपसूक बुजलेल्या असतात, त्यामुळे पिंप गळत नाही. पण हवा अगदी बेताने आतबाहेर करते. पिंपाच्या आतल्या कोळशाने दारूतला गंधकाचा उग्र वास शोषून घेतला जातो, आणि भाजल्या लाकडातला अर्क दारूत उतरतो. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे: मुरणे. मोरावळा मुरतो, लोणचे मुरते, तशी व्हिस्की. स्कॉटलंडात ओकाच्या पिंपात तीन वर्षे मुरल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणताच येत नाही, असा कायदा आहे.

“आता खरी गंमत,” अण्णा म्हणाले. “वहिनी, तुमच्या हिंगाच्या डबीत उद्या मी साखर भरून ठेवली तर?”

“तर मी तुम्हाला त्याच साखरेचा चहा देईन.”

“म्हणजे हिंग संपला तरी डबी हिंगाचीच राहते. पिंपाचं तेच. अमेरिकेत बर्बन व्हिस्की करतात. तिथला कायदा असा, की ती दर वेळी कोऱ्या, आतून जाळलेल्या ओकातच ठेवायची. मग एकदा वापरलेली पिंपं करायची काय? ती स्कॉटलंडला येतात, हिंदुस्थानात येतात. त्या पिंपातली व्हिस्की म्हणजे व्हॅनिला, मध, खोबरं. दुसरी जात शेरीच्या पिंपांची. शेरी ही स्पेनमधली द्राक्षाची वाईन. पूर्वी ती पिंपांतून विलायतेला यायची, आणि रिकामी पिंपं परत पाठवण्यापेक्षा व्हिस्कीवाल्यांना विकणं स्वस्त पडायचं. निव्वळ काटकसर! पण त्या पिंपांत व्हिस्कीला बेदाण्याची, अक्रोडाची चव आली आणि लोकांना तिची चटक लागली.”

१९८० नंतरच्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटल्यांत भरली जाऊ लागली, आणि फुकटात चालून येणारी पिंपे बंद झाली. आता व्हिस्कीवाल्यांसाठी मुद्दाम नवी पिंपे बांधतात आणि त्यांना वळण लागावे म्हणून वर्ष-दोन वर्षे शेरी भरून ठेवतात. पूर्वी शेरीसाठी पिंप होते, आता पिंपासाठी शेरी!

त्याच दशकात बॅल्व्हेनीच्या डेव्हिड स्टुअर्ट या स्कॉच गृहस्थाने बर्बनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटी काही काळ शेरीच्या पिंपात हलवून पाहिली, आणि ही दोन पिंपांची रीत पुढे साऱ्या धंद्यात पसरली. इंग्रजीत तिला फिनिश म्हणतात. अण्णांनी तिला मराठीत नाव दिले आहे, सासर. बर्बनचे पिंप हे माहेर. तिथे पाच-सात वर्षे वाढायचे. मग सहा महिने ते दोनेक वर्षे सासरी: शेरीच्या, पोर्टच्या, रमच्या किंवा आणखी कशाच्या पिंपात.

“मग चव कुणाची लागते?” सौ.

“माहेरची हाडात, सासरची अंगावर. पण सासरी फार दिवस ठेवली तर माहेरची ओळखच पुसते. नुसती शेरी लागते.”

“हे आम्हाला सांगता?” सौ. म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

रात्री जेवणापूर्वी अण्णांनी दोन चिमुकले पेले काढले. वाचकहो, आमच्या राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून पुस्तकात आहे आणि पिणाऱ्याने परवाना बाळगावा लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अण्णांकडे जन्माचा परवाना आहे. माझ्यासाठी मी एका दिवसाचा काढून नेला होता आणि तो, सत्यनारायणाची पोथी ठेवावी तसा, पाटावर ठेवला होता.

दोन्ही पेल्यांत गोव्यातल्या कुंकळ्ळीची, पॉल जॉनची सिंगल माल्ट. १९९०-९५ च्या सुमारास हिंदी व्हिस्की म्हणजे मळीच्या मद्यार्कात रंग-स्वाद मिसळलेली, असे जग समजे, आणि ते फारसे चुकत नव्हते. पुढे बंगळूरच्या अमृतने २००४ साली आपली जवाची माल्ट थेट ग्लासगोला नेऊन विकली, २०१२ साली पॉल जॉनने विलायत गाठली, आणि २०२२ साली आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीहूनही एक सिंगल माल्ट निघाली. तिचे सासर वाईनच्या पिंपात आहे.

पहिला पेला नुसत्या बर्बनच्या पिंपातला. पाण्याचे दोन थेंब टाकून, जिभेवर धरून मी प्रामाणिकपणे सांगितले, “आधी जाळ. मग केळ्याची शिकरण, वर थोडा मध.” अण्णांनी मान डोलावली. दुसरा पेला आधी बर्बनच्या आणि मग पेद्रो हिमेनेथ नावाच्या शेरीच्या पिंपातला. ही शेरी करताना द्राक्षे आधी उन्हात वाळवून जवळजवळ मनुका करतात. पेल्याचा रंग गडद, चिंचेच्या कोळासारखा. जिभेवर खजूर, काळी मनुका, शेवटी जायफळ घातलेल्या पुरणाची आठवण. धान्य एक, पाणी एक, भट्टी एक. फक्त शेवटचे बिऱ्हाड बदललेले. मी दोन्ही पेले पुन्हापुन्हा हुंगत बसलो. माझ्यासारख्या अडाण्यालाही फरक इतका ढळढळीत कळला, की मला आपल्या नाकाचा अभिमान वाटू लागला. तेवढ्यात अण्णांकडे लक्ष गेले. तेही पेला नाकाशी धरून बसले होते आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते, सिनेमा दिसत नसलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे तसे.

“जीभ काम करते,” ते म्हणाले. “गोड, तुरट, तिखट कळतं. नावं कळत नाहीत.”

मग विषय बदलून त्यांनी हवेबद्दल सांगितले. पिंपातली दारू उडते. स्कॉटलंडात वर्षाला शंभरात दोन लिटर. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला. गोव्याच्या, बंगळूरच्या उष्म्यात आठ, दहा, बारासुद्धा. “तिकडचे देवदूत नैवेद्याचा घास घेतात, आपले पंगतीलाच बसतात!” पण त्याच उष्म्याने लाकूडही चटकन रस सोडते. म्हणून आपल्याकडची सहा वर्षांची व्हिस्की तिकडच्या दुप्पट-तिप्पट वयाच्या व्हिस्कीसारखी पोक्त लागते. आणि म्हणूनच दुसऱ्या पिंपावर डोळ्यात तेल घालून पाहावे लागते. इथे चार महिने चुकले तर तिकडचे वर्ष चुकते. कर्जतसारख्या ठिकाणी, जिथे एप्रिलमध्ये दगड तापतात आणि जूनपासून चार महिने भिंतींना पाझर फुटतो, पिंप ठेवले तर काय होईल, यावर अण्णा अर्धा तास बोलले. जेवण थंड झाले.

पहाटे पाचला त्यांनी आम्हाला उठवले. “चला, आमच्या इथलं बेदाण्याचं झाड दाखवतो.”

घरामागच्या उतारावर एक मोठा मोह आहे. पाने जवळजवळ झडलेली, आणि अंधारातच टप् टप् असा आवाज. मोहाची फुले रात्रीच्या उत्तररात्री गळतात. फिकट पिवळी, रसाने फुगलेली, टपोऱ्या मण्यांएवढी. झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळून जमीन स्वच्छ केलेली होती, आणि शेजारच्या कातकरी वाडीवरच्या एक आजी नातीला घेऊन वेचत होत्या. आमच्या सौ. पदर खोचून त्यांच्याशेजारी बसल्या. ताज्या फुलाचा वास गोड खरा, पण त्यात काहीतरी उग्र, जनावरासारखे. उन्हात चारपाच दिवस वाळली की फुले तांबूस होतात, सुरकुततात, आणि मग वास येतो तो थेट मनुकांचा. वजनाच्या निम्म्याहून अधिक साखरच असते त्यांत. आजींच्या अंगणात मागच्या आठवड्याची फुले वाळत होती. सौ.नी मूठभर उचलली, हुंगली आणि म्हणाल्या, “अहो, कालचा तुमचा दुसरा पेला!”

मी चाट पडलो. त्यांनी पेल्याला तोंड लावले नव्हते. फक्त विसळताना हुंगला असणार.

अण्णा हसले, आणि त्यांनी तीस वर्षे मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. उन्हात वाळवलेल्या द्राक्षांच्या शेरीचे पिंप चालते, तर उन्हात वाळवलेल्या मोहाचे का नाही? ओकाच्या पिंपात मोहाची दारू वर्षभर ठेवायची, ती काढायची आणि त्या पिंपात माल्ट घालायची. व्हिस्कीला मोहाचे सासर. नोकरीत असताना त्यांनी हे वरिष्ठांना दोनदा लिहून दिले होते. पण कायद्याच्या लेखी देशी दारू वेगळी, विदेशी पद्धतीची वेगळी. परवाने वेगळे, खाती वेगळी. आणि मोहाला तर चोराचीच नजर. कागद दोन्ही वेळा परत आला.

ही चोराची नजर जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि घरोघरची, वाडीवाडीची भट्टी गुन्हा ठरली. मोहाची दारू गाळायची ती उरणच्या भट्ट्यांत, सरकारचा कर भरून. लोक तरीही रानात गाळीत, म्हणून १८९२ साली खास मोहाचाच कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल जवळ बाळगण्यावर, विकण्यावर, नेण्यावर बंधन! कुलाब्याचे रायगड १९८१ साली झाले. कर्जत-खालापूर तेव्हा त्याच कुलाब्यात. दारात झाड, झाडाखाली फूल, आणि ते पदरात घेतले तर शिपाई. मोहफुलांवरची बंधने महाराष्ट्र सरकारने उठवली ती २०२१ साली.

दुसरे झाड खैराचे. कातकरी हे नावच मुळी कातावरून आले. खैराच्या गाभ्याचे कपचे करून उकळायचे, तो काढा आटवायचा, वड्या पाडायच्या. विड्यातला तांबडा कात तो हाच. मी अण्णांच्या ओटीवरचा पहिला तुकडा आठवला, जीभ ओढणारा. विलायती पिंपवाला ओकातून जे तुरटपण थेंबाथेंबाने घेतो, तेच या रानातली माणसे खैरातून भांडीच्या भांडी काढीत होती. कन्येने इथे भर घातली, की चहातल्या कॅटेचिन या द्रव्याला नाव मिळाले ते कातामुळेच. पुढे जंगले राखीव झाली, खैर तोडणे गुन्हा झाला, आणि कात नावापुरता राहिला. आजींना विचारले. त्यांनी कात करताना कोणाला पाहिलेले नाही, आईकडून नुसते ऐकलेले. त्यांच्या वाडीवरची माणसे दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्ट्यांवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. लाकूड किती जाळले की राख होते आणि कुठे थांबले की कोळसा होतो, हे त्या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणजे मोहाचे फूल, खैराचा तुरटपणा आणि लाकडाला द्यायची आच, तिन्ही गोष्टी एकाच जमातीच्या हातात होत्या. पिंप मात्र नव्हते. मोहाची दारू गाळली की लगेच प्यायची, मुरवायची नाही. मुरवायला घर लागते, कोठार लागते, आणि पाच वर्षे थांबण्याइतके पोट भरलेले लागते. ब्राझीलमध्ये उसाच्या रसाची काशासा नावाची दारू तिथल्याच रानातल्या अंबुरानासारख्या लाकडांत मुरवतात, तिला दालचिनीसारखी चव येते, आणि साऱ्या देशाला तिचा अभिमान. आपल्याकडे खदिरारिष्टाच्या बाटलीवर खैराला मान आहे. पण ते औषध झाले.

मी असा रंगात आलो असताना सौ.नी आजींना सरळ विचारले, “आजी, तुमच्याकडे ही दारू करतात का हो?”

आजींनी हातातले काम थांबवले नाही. “माझा पोरगा दारूनंच ग्येला,” त्या म्हणाल्या. “मोहाच्या न्हाय, बाजारच्या. आमी ह्याच्या भाकरी करतो, तीळ घालून लाडू करतो. आता हिला शिकवलंय.” नातीने टोपलीतून मान वर केली.

अण्णा गप्प झाले. नंतर ते मला म्हणाले, की २०१५ साली मालवणीत शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने, मोहाने नव्हे, हे मी शंभर जणांना पटवून दिले असेल. पण या बाईपुढे माझे रसायनशास्त्र चालत नाही.

परतताना आम्ही खालच्या रस्त्याने आलो. तिथे आता शेतघरांची रांग आहे. मुंबईकरांचीच, दगडी कुंपण, निळा तलाव, शनिवार-रविवारपुरते मालक. एका कुंपणाच्या आत एक जुना मोह अडकला आहे. पूर्वी त्याची फुले याच वाडीची होती. आता दारावर रखवालदार असतो. हिरवळीवर फुलांचा सडा पडला होता आणि माळी तो खराट्याने लोटून पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकत होता. व्हरांड्यात आदल्या रात्रीची बाटली होती, आणि तिच्यावरचे शब्द अण्णांनी लांबूनच वाचले: शेरी कास्क. सात-आठ हजार किलोमीटरांवरची मनुका पेल्यात, आणि अंगणातली खड्ड्यात!

“विचारावं का त्यांना?” सौ. म्हणाल्या. “फुलं नेऊ देता का म्हणून?”

अण्णांनी मागच्या वर्षी विचारले होते. मालक सभ्य होते. कीटक येतात म्हणून झाडच काढायचा विचार आहे, असे म्हणाले होते. अण्णांनी त्यांना तासभर बसवून मोहाची सगळी कथा ऐकवली. त्याचा परिणाम एवढाच, की झाड अजून उभे आहे.

दुपारच्या गाडीने निघालो. आजींनी अर्धा शेर वाळली फुले बांधून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, शेवटी सौ.नी नातीच्या हातात दिले. स्टेशनवर अण्णांनी ती पुडी एकदा मागून घेतली, नाकाशी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. गाडी येताना दिसली तेव्हा परत दिली.

“आलं काही?” मी विचारले.

“काहीतरी आहे,” ते म्हणाले. “मनुका नाही. रबरही नाही. उद्या पुन्हा बघतो.”

घरी आल्यावर सौ.नी ती फुले धुऊन, पुन्हा वाळवून एका बरणीत भरली. घरात रिकामी बरणी एकच होती. महिन्याने अण्णांचा फोन आला. माझ्याशी दोन शब्द बोलून त्यांनी वहिनींना बोलावले.

“काय म्हणतोय मोह? मुरला का?”

“मुरला हो,” सौ. म्हणाल्या, “पण अण्णा, बरणी लोणच्याची होती. सासर जरा हिंगाचं मिळालंय.”

पलीकडून अण्णा मोठ्याने हसले. मग म्हणाले, “टाकू नका. पुढच्या खेपेला घेऊन या. हिंग मला परवापासून येतोय.”